आजोबांची पाटी

पहिल्या वर्षी वर्गात ओळखपरेड चालू होती. माझं आडनाव ऐकून बाकावरच्या शेजाऱ्याने विचारलं, "गोव्याचा का रे तू?" म्हटलं, "नाही, वसईचा. नंदाखालचा." तर म्हणतो, "मग एवढं चांगलं मराठी कसं काय बोलतोस?" आता याला काय सांगणार! १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती, त्या काळात आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले, आडनावं बदलली. पण वाडी तीच राहिली, विहीर तीच आणि भाषाही तीच. घरी आम्ही कादोडी बोलतो. हे सगळं सांगेपर्यंत लेक्चर सुरू झालं. मग ठरवलं, एकदा मासिकातच लिहून टाकू. पण लिहायला बसलो तर इतिहास बाजूलाच राहिला आणि डोळ्यासमोर आजोबाच आले. तेव्हा हा लेख त्यांच्यावर. (ते बोलायचे कादोडीत, मी इथे सरळ मराठीत लिहितोय. कादोडी छापली तर संपादक माझ्याकडे बघतील!)

आजोबा शेतकरी होते. जन्म १९३६ चा, शाळा चौथीपर्यंत. शेतकरी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर विदर्भ-मराठवाड्यातला, आभाळाकडे बघणारा माणूस येतो. आजोबांचं शेत मात्र दादरला जोडलेलं होतं. पिकायचं नंदाखालला आणि विकायचं दादर, परळ, लालबागला. मधे पश्चिम रेल्वे. विरारहून पहिली लोकल १८६७ मध्ये सुटली आणि तेव्हापासून आमच्या भागाचं पोट त्या रुळांवरच आहे म्हटलं तरी चालेल. आजोबा पहाटे अडीचला उठायचे. आधी क्रूसाची खूण, मग चहा. सोनचाफा अंधारातच काढायचा, कारण ऊन लागलं की त्याचा वास उतरतो आणि भावही. जास्वंदीच्या कळ्या आदल्या संध्याकाळीच काढून ठेवायच्या, त्या बरोबर गिऱ्हाइकाच्या देवघरात जाऊन उमलतात. केळीच्या पानात गुंडाळलेली फुलं, वर ओलं फडकं, पाटी डोक्यावर, आणि पहाटेच्या लोकलचा मालडबा.

मी आज रोज त्याच मार्गाने कॉलेजला येतो. दादरला पश्चिमेला उतरलं की पुलाखालच्या फूलबाजाराचा वास आधी येतो, मग बाजार दिसतो. तिथल्या दोघीतिघी जणी मला अजून "आजोबांचा नातू" म्हणूनच ओळखतात. माझं नाव त्यांना माहीत नाही, आणि त्यांची काही तक्रारही नाही.

आमच्या घरात भिंतीवर दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी असायची. एक चर्चचं आणि दुसरं कालनिर्णय. चर्चच्या कॅलेंडरवर राखेचा बुधवार, झावळ्यांचा रविवार, पुनरुत्थान रविवार. कालनिर्णयावर आजोबांनी लाल पेनाने गोल केलेल्या संकष्ट्या, अंगारक्या, गणपती, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार. अंगारकीला सिद्धिविनायकासाठी जास्वंद किती लागेल याचा त्यांचा अंदाज महिनाभर आधी तयार असायचा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्यांसाठी पांढरी फुलं लागतात, ती वेगळी ठेवायची. एकदा मी लहानपणी विचारलं होतं, "आजोबा, आपण ख्रिस्ती, मग गणपतीची फुलं आपण का लावतो?" ते म्हणाले, "फूल लावणं माझं काम. ते कुणाच्या पायावर जाईल ते फुलाला ठरवू दे."

पण स्वतःच्या बाबतीत त्यांचे नियम कडक होते. रविवारी विक्री नाही. शनिवारी संध्याकाळी सर्वात चांगला चाफा बाजूला निघायचा, तो वेदीसाठी. (आजीचं म्हणणं, "देवाला पहिल्या नंबरचा आणि मला वेणीला तिसऱ्या नंबरचा!") गुड फ्रायडेला वाडीत कोयताही उचलायचा नाही. उपवासकाळात चाळीस दिवस मासळी बंद, आणि वसईच्या माणसाने मासळी सोडणं म्हणजे काय ते वसईकरालाच कळेल. रोज संध्याकाळी सात वाजता तेर्स, म्हणजे रोझरी. टीव्हीवर क्रिकेटची मॅच रंगात असली तरी सात वाजता टीव्ही बंद. सचिन नव्वदीत असताना टीव्ही बंद झाल्याची आठवण माझ्या काकाला अजून सलते.

२००९ मध्ये गणेश चतुर्थी नेमकी रविवारी आली, २३ ऑगस्टला. घरात पेच पडला. वर्षातला सगळ्यात मोठा बाजार आणि आजोबांचा नियम. काका म्हणाला, मी जातो, तुम्ही राहा. आजोबा दोन दिवस काहीच बोलले नाहीत. मग शनिवारी दुपारी स्वतःच तीन पाट्या बांधल्या. म्हणाले, "लोकांच्या घरी देव यायचा आणि त्याला फूल नाही, असं कसं?" रात्रभर दादरला बसले, पहाटे माल संपल्यावर तिथून गोखले रोडवरच्या पोर्तुगीज चर्चला चालत गेले, मिस्सा ऐकली आणि मग घरी आले. आल्यावर त्या दिवसाचे सगळे पैसे आजीच्या हातात देऊन म्हणाले, यातलं घरात काही वापरायचं नाही, चर्चच्या पेटीत टाक. मला हा किस्सा बाबांनी सांगितला. नियम मोडला की पाळला, यावर आमच्याकडे अजून वाद होतो. माझ्या मते मोडला, आणि त्यांना ते पक्कं माहीत होतं, म्हणूनच पैसे पेटीत गेले.

त्या पोर्तुगीज चर्चबद्दल जाता जाता. जुनं चर्च सोळाव्या शतकातलं, पण आताची इमारत चार्ल्स कोरियांनी बांधली, १९७७ मध्ये पूर्ण झाली. आमच्या कॉलेजातले आर्किटेक्चरवाले मित्र त्या काँक्रीटच्या निमुळत्या घुमटांचे फोटो काढायला जातात. आजोबांचं मत एका वाक्यात होतं: "पाटी उलटी ठेवलीय, पण आत उजेड छान येतो." दिवसाउजेडाचा विचार करूनच ते घुमट केलेत असं नंतर कुठेतरी वाचलं, तेव्हा मी चाट पडलो.

चर्चवर त्यांचं प्रेम होतं ते बायबलची पानं पाठ असलेल्या माणसाचं नव्हतं. लहानपणी त्यांनी मिस्सा ऐकली ती लॅटिनमध्ये. उत्तरं पाठ, अर्थ शून्य. साठच्या दशकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत सुरू झाली. आजोबा म्हणायचे, "देवाला आपली भाषा येते हे कळायला मला तिशी गाठावी लागली." डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईत आले, भारतात आलेले पहिले पोप, तेव्हा आजोबा ओव्हल मैदानावर गर्दीत उभे होते. दिसलं काय, तर एक पांढरा ठिपका. फेब्रुवारी १९८६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल आले आणि शिवाजी पार्कवर मिस्सा झाली. त्या दिवशी पाटी होती, पण विकली नाही. पाटीतला चाफा रांगेत उभ्या असलेल्या लोकांना वाटून टाकला. आजी म्हणायची की आयुष्यात एवढा धंदा बुडवून एवढा खूश झालेला माणूस तिने पाहिला नाही.

आता वहीबद्दल. ही मला सगळ्यात जास्त सांगायची आहे.

फुलं दादरला उतरवली की आजोबा भाजीची दुसरी पाटी घेऊन लालबागला जायचे. अळू, मुळा, माठ, दुधी, शिराळी, केळी. गिरणगावातल्या चाळींमध्ये त्यांची ठरलेली गिऱ्हाइकं होती, जवळजवळ सगळ्या गिरणी कामगारांच्या बायका. पगार झाला की पैसे, तोवर उधारी, असा हिशोब. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले. आपण इतिहासात वाचतो तो एवढाच आकडा. पण अडीच लाख घरांमध्ये संध्याकाळी भाजी काय, हा प्रश्न रोजचा होता. महिना गेला, दोन गेले, सहा गेले. पगार नाही. लालबागला जाणाऱ्या बऱ्याच भाजीवाल्यांनी उधारी बंद केली, आणि त्यांना दोष देता येत नाही, त्यांनाही घर होतं. आजोबा जात राहिले. आमच्या घरात तेव्हा बाबा शाळेत, काका त्याहून लहान, दोन आत्या. आजीने एकदा विचारलं की लालबागचे पैसे येत का नाहीत. आजोबा म्हणाले, "येतील." एवढंच.

ते पैसे आले नाहीत हे आम्हाला कळलं २०२३ मध्ये, आजोबा गेल्यानंतर. त्यांची पेटी उघडली. त्यात लग्नातली लाल टोपी, आजीची रोझरी आणि एक लांबट वही निघाली. प्रत्येक पानाच्या वर मधोमध छोटा क्रूस, हिंदू दुकानदार 'श्री' लिहितात तसा. आत नावं नाहीत. 'पहिला मजला, कोल्हापूरवाली.' 'नळाजवळची, तीन मुली.' 'दाराला हिरवा पडदा.' चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर, पण बेरजा बरोबर. काकाने कॅल्क्युलेटर घेऊन सगळ्या पानांची बेरीज केली आणि गप्प झाला. त्या काळात तेवढ्या पैशांत नवा पंप आणि वर पाइप आले असते. आम्ही पंप घेतला तो बऱ्याच उशिरा, तोवर रेडा जुंपून रहाटच चालू होता. शेवटच्या पानावर एक ओळ होती: 'पवित्र वर्ष. पास्काला सगळं सोडलं.' १९८३-८४ हे पोपनी जाहीर केलेलं पवित्र वर्ष होतं आणि ते संपलं २२ एप्रिल १९८४ च्या ईस्टरला. जुन्या करारात पन्नासाव्या वर्षी कर्ज सोडायची रीत आहे. ती आजोबांनी प्रवचनात ऐकली असणार आणि अक्षरशः घेतली असणार. दिसली तशी पाळायची, हीच त्यांची धर्माची समज.

ही वही वाचल्यावर आणखी एक गोष्ट उलगडली. २६ जुलै २००५ ला, त्या प्रलयाच्या दिवशी, आजोबा मुंबईतच अडकले होते. बाजार आटपून केईएममध्ये गावातल्या एका आजारी माणसाला बघायला गेले आणि बाहेर आले तर परळला गुडघ्याच्या वर पाणी. घरी फोन नाही, काही नाही. आजीने दोन रात्री तेर्सची माळ हातातून सोडली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आजोबा आले ते दुसऱ्याच कुणाच्या तरी शर्टात, इस्त्री केलेल्या! म्हणाले, लालबागला एका गिऱ्हाइकाकडे होतो. मी तेव्हा तान्हा होतो, पण तो शर्ट आमच्या घरात पुढे बरीच वर्षं होता. बाबांना नेहमी प्रश्न पडायचा, भाजीवाल्याला दोन दिवस घरात ठेवून घेणारं हे कुठलं गिऱ्हाईक? आता वाटतं, हिरव्या पडद्याचं असेल किंवा नळाजवळचं.

२०११ मध्ये आजीला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दुसऱ्या दिवसापासून आजोबांनी दादर बंद केलं. चाळीसहून जास्त वर्षांची जागा, ठरलेली गिऱ्हाइकं, सगळं काकाकडे दिलं. काका म्हणाला, बाई ठेवू. आजोबा म्हणाले, "फुलं कुणीही नेईल. हिला पेज कोण भरवणार?" पुढची चार वर्षं त्यांनी तिला भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली. पाटी उचलून उचलून मानेत बाक आलेला हा माणूस रोज सकाळी तिचे केस विंचरायचा. भांग वाकडा पडायचा. ती डाव्या हाताने त्यांच्या हातावर चापट मारायची, मग पुन्हा. संध्याकाळी तेर्स तिच्या खाटेशेजारी. तिला बोलता यायचं नाही, पण डाव्या हाताने मणी बरोबर पुढे सरकायचे. आजोबा मुद्दाम एखाद वेळी चुकायचे, एक मणी गाळायचे. ती लगेच हूं करायची. मी सात-आठ वर्षांचा होतो, मला वाटायचं आजोबा म्हातारे झाले, विसरतात.

आणि मार्च २०२०. लोकल बंद, बाजार बंद, चर्चसुद्धा बंद. चाफा झाडाला थांबत नाही, तो फुलतच राहिला. काका रोज पाट्या भरून फुलं खड्ड्यात ओतायचा. १२ एप्रिलला ईस्टर होता. मिस्सा मोबाईलवर. मी मोबाईल स्टुलावर उभा करून दिला. आजोबा चौऱ्याऐंशीचे, आंघोळ करून, पांढरा सदरा घालून आले. मोबाईलसमोर गुडघे टेकले आणि पूर्ण मिस्साभर तसेच राहिले. मधे नेटवर्क गेलं, स्क्रीनवर ते गोल गोल फिरायला लागलं, तरी हलले नाहीत. नंतर मला विचारलं, "ते गोल फिरत होतं तेव्हा तिकडे काय चाललं होतं?" मला हसू आलं, पण उत्तर सुचलं नाही.

आता थोडं इंजिनीअरिंग, नाहीतर सर म्हणतील कॉलेजच्या मासिकात याचं काय काम!

आमच्या वाडीत बावखल आहे. बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांतलं जुनं तळं, हाताने खणलेलं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि विहिरी गोड्या राहतात. समुद्र जवळ असूनही. आजोबा म्हणायचे, "खाली खारं आहे. गोडं त्याच्यावर तरंगतं, दुधावरच्या सायीसारखं. साय ओरपलीस की खालचं वर येतं." तिसऱ्या वर्षी आम्हाला भूजल शिकवताना घायबेन-हर्झबर्ग संबंध आला. गोड्या पाण्याची घनता १.०००, समुद्राच्या पाण्याची १.०२५. म्हणजे समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल तर खाली ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. उलटं करून बघा: वरची पातळी १ मीटरने उतरली की खालून खारं पाणी ४० मीटर वर सरकायला मोकळं. वर्गात सगळे उतरवून घेत होते आणि मला सायच दिसत होती.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वसईत टँकरचा धंदा बोकाळला होता. विहिरीत पंप टाकायचा, पाणी शहराला विकायचं. शेतीपेक्षा चांगले पैसे. ज्यांनी विकलं त्यांच्या आणि शेजाऱ्यांच्याही विहिरी मचूळ झाल्या. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसई संरक्षण समितीतून चळवळ उभी केली. मोर्चे, उपोषणं, दहशत, सगळं झालं. आजोबा प्रत्येक मोर्च्याला. आमच्या दारातही टँकरवाला आला होता. आजोबांनी त्याला तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाले, हे फुकट, टँकरभर मिळणार नाही. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून फादर टीव्हीवर दिसले, तेव्हा आजोबांनी सात वाजताचा नियम पाच मिनिटं पुढे ढकलला. माझ्या माहितीत एकदाच.

आजोबा गेले तेव्हा दादरच्या फूलवाल्या आल्या होत्या, सात-आठ जणी, मालडब्यातून. त्यांनी चाफ्याचा हार आणला होता. आमच्याकडे शवपेटीवर फुलांचं चक्र ठेवतात, पण फादरांनी हारच वर ठेवायला सांगितला.

आता सातबाऱ्यावर बाबा, काका आणि दोन आत्यांची नावं आहेत. बिल्डर दोनदा येऊन गेलाय. आजूबाजूच्या चार वाड्यांच्या जागी इमारती उभ्या आहेत. काका विकायचं म्हणतो, आणि काका काही वाईट माणूस नाही. पहाटे अडीचला उठायचं ओझं गेली बारा-तेरा वर्षं त्याने एकट्याने वाहिलंय, मुलीची फी भरायची आहे, कंबरेला पट्टा आलाय. ज्यांनी पाटी उचलली नाही त्यांनी त्याला शेतीचं महत्त्व सांगू नये, हे मी स्वतःलाही बजावत असतो. आजोबांनी शेवटच्या आठवड्यात जमिनीबद्दल कुणालाच काही बांधून घातलं नाही. फक्त एवढंच म्हणाले, "बावखल बुजवू नका."

मे महिन्यात मी लॅबमधून परवानगीने टीडीएस मीटर घरी नेला होता. आमची विहीर ५०० च्या आत निघाली. पलीकडच्या इमारतीची बोअरवेल २००० च्या वर. आकडे कागदावर लिहून जेवणाच्या टेबलावर ठेवले. काकाने वाचले, काही बोलला नाही. पण त्याच आठवड्यात तो आणि बाबा लेंगे गुडघ्यापर्यंत खोचून बावखलातला गाळ काढायला उतरले.

परवा काका म्हणाला, "वाडी सगळी नाही विकायची. रस्त्याकडची पट्टी मोकळी करू, तिथे घर बांधू, वरचे दोन मजले भाड्याने देऊ. तू प्लॅन काढशील?"

म्हटलं, "काढतो. पण बावखलापासून किती अंतर सोडायचं ते आधी ठरव."

काका बराच वेळ चाफ्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "तूच मोज."

या रविवारी मिस्सा झाली की टेप घेऊन जाणार आहोत.